दहा गुणांची कबुली

लातिर फायला माणसं फारशी आवडायची नाहीत, पण मिठाइतकी नावडायचीही नाहीत. काओलॅक शहराच्या मिठागरात पाच वर्षं पोती वाहून त्याच्या तळहातांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत मीठ शिरलं की तो वडीलधाऱ्यांसमोरही शिव्या द्यायचा. त्याआधी तो शेंगांचा ट्रक चालवायचा. एक दिवस मालकानं ट्रक विकला. सोबत ड्रायव्हरही फुकट देऊ केला, तर घेणाऱ्यानं त्याऐवजी एक जास्तीचा टायर मागितला. तेव्हापासून लातिरच्या खिशात लायसन्स होतं आणि डोक्यावर पोतं.

संध्याकाळी मात्र तो केर बायो मोहल्ल्याचा गोलकीपर असायचा. वय छत्तीस. गोलात उभा राहिला की हा माणूस चेंडू अडवायला आलाय की चेंडूचा अपमान करायला, हे कळायचं नाही. समोरून धावत येणाऱ्या फॉरवर्डकडे तो असा बघायचा, जसं एखादं गिऱ्हाईक कालच्या मासळीकडे बघतं. गोल त्याच्यावर झाले नव्हते असं नाही, पण प्रत्येक गोलाचं कारण त्याच्याजवळ तयार असे आणि त्यात मारणाऱ्याचं कौतुक कधीच नसे. वारा असे, खड्डा असे, रेफरीची आई असे.

दर पावसाळ्यात काओलॅकचे मोहल्ले एकमेकांशी फुटबॉल खेळतात. त्यात चेंडू असतो म्हणून त्याला खेळ म्हणायचं. बुटांपेक्षा मराबूवर जास्त खर्च होतो. मराबू ताईत लिहून देतो, पाणी मंतरून देतो, समोरच्यांच्या गोलाखाली अंडं पुरायला लावतो. मैदानाच्या फाटकात समोरच्यांनी काहीतरी पुरलेलं असणारच, म्हणून खेळाडू भिंतीवरून उड्या मारून आत येतात. फाटकातून येतात ते रेफरी आणि बकऱ्या. आणि हात तर कोणी कोणाशी मिळवत नाही. समोरच्याच्या तळव्यावर कसली पूड असेल, काय भरवसा? तीन वर्षांपूर्वी केर बायोच्या लेफ्ट बॅकनं गाफीलपणे हात मिळवला आणि त्याच सामन्यात स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल मारले. तो एरवीही मारायचा. पण त्या दिवसापासून हात मिळवणं बंद.

गेल्या वर्षीच्या सेमीफायनलला खुर्च्या उडाल्या. त्यातली एक खासदारसाहेबांना लागली. म्हणून यंदा त्यांनी डोक्याला टाके असतानाच जाहीर केलं की कप जिंकणाऱ्याला नेहमीप्रमाणे कप मिळेल, आणि सगळ्यांत खिलाडूपणे खेळणाऱ्या मोहल्ल्याला अठरा जणांची मिनिबस.

सगळं शहर एका दुपारी सज्जन झालं.

खिलाडूपणा मोजायला द्रामे मास्तरांना नेमलं. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत नीतीचे धडे दिले होते. त्यांचे तीन विद्यार्थी तुरुंगात होते आणि चौथा खासदार. मास्तरांनी एक वही केली, तिच्यात रकाने पाडले आणि सगळ्या क्लबांना बोलावून नियम वाचून दाखवले. हात मिळवला, एक गुण. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उचललं, दोन. माफी मागितली, तीन. शेवटी त्यांनी चष्मा पुसला.

"आणि कबुली, दहा गुण. आपल्या संघाचं नुकसान होईल असं सत्य खेळाडूनं आपणहून सांगितलं, तर त्याला मी कबुली म्हणतो."

"आणि मास्तर, फायदा होईल असं सत्य सांगितलं तर?" मागून लातिरनं विचारलं.

"ते कोणीही सांगतं. शून्य."

केर बायोचे अध्यक्ष सिसोखो यांचं गाद्यांचं दुकान होतं. तिथल्या सगळ्यांत वरच्या गादीवर बसून त्यांनी त्याच संध्याकाळी लातिरला जवळ बोलावलं.

"हे बघ लातिर, बस आपली. आणि बस आपली झाली की ड्रायव्हर तू. कमिटीत ठरलंय. मोहल्ला ते बाजार, बाजार ते मिठागर. मिठागरात तू रोज जाशील, पण बसून जाशील."

लातिरनं आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांच्या बोलण्यात अर्थ बघितला. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. यान्देनं भाताच्या परातीतला माशाचा पोटाकडचा मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. असा तुकडा त्याला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा मिळाला होता.

मग ती स्पर्धा सुरू झाली. लातिरनं पूर्वी मैदानावर दातांनी चावणारे बघितले होते, डोळ्यांत वाळू टाकणारे बघितले होते, पण यंदा जे बघितलं त्यानं त्याला खरी किळस आली. पाडलेल्याला उचलण्याचे दोन गुण, म्हणून माणसं आधी पाडायला लागली. पाडलेला उठायला तयार नसेल तरी त्याला बगलेत धरून उभा करायचे. एका सामन्यात एकाच्या पोटरीत गोळा आला, तर समोरचे चौघं त्याला उचलायला धावले आणि त्याच्याच संघाचे तिघं त्याला सोडवायला. शेवटी गोळा गेला आणि खांदा निखळला. गोल मारला की गोल खाणाऱ्यांपुढे गुडघे टेकून माफी मागायची पद्धत पडली. एका बॅकनं रेफरीकडे जाऊन कबुली दिली की आपण समोरच्याला लाथ मारणार होतो, पण मारली नाही. मास्तरांनी विचार करून दीड गुण दिला. एका क्लबानं मास्तरांच्या दारात मेंढा बांधला. मास्तरांनी मेंढा परत पाठवला आणि आपल्या नावावर वहीत दहा गुण लिहून घेतले.

सराव कोणी करत नव्हतं. संध्याकाळी सगळे माफीचे चेहरे करून बघत.

"लातिर, जरा हसत जा रे चेंडू अडवल्यावर," सिसोखो म्हणायचे. "तुझं तोंड बघून मास्तर गुण कापतात."

"मग गोलात बादली ठेवा, अध्यक्ष. तिच्यावर हसरा चेहरा काढा."

"बस हवी ना तुला?"

"हवी."

"मग हस."

पुढच्या सामन्यात लातिर हसला. समोरच्या फॉरवर्डनं घाबरून चेंडू बाहेर मारला.

फायनलला पोचले ते केर बायो आणि न्यारी तेन. गुणांतही हेच दोघं पुढे होते. केर बायो तीन गुणांनी वर. न्यारी तेनच्या अध्यक्ष दियेनाबा मावशी. सुक्या मासळीचा ठोक धंदा. आवाज असा की बाजारात त्या बोलल्या की नदीच्या पलीकडच्या काठावरचे भाव बदलायचे. आणि न्यारी तेनचा फॉरवर्ड, त्यांचा भाचा पाते गिस्से.

पाते शिंपी होता. चांगला शिंपी. त्यानं शिवलेल्या झब्ब्यात माणूस मेला तरी रुबाबदार दिसायचा. न्यारी तेनच्या सगळ्या जर्सी तो फुकट शिवून द्यायचा, म्हणून संघात होता. तीन पावसाळे फॉरवर्डला खेळून त्याचा एकही गोल नव्हता. लातिरला जगात ज्यांच्याबद्दल काहीच वाटत नसे अशी पुष्कळ माणसं होती. पण पातेबद्दल वाटे. धावताना तो हात असे वर धरायचा जणू कापड चिखलात लोळू नये म्हणून सांभाळतोय, आणि चेंडू मारायच्या क्षणी डोळे मिटून घ्यायचा. लातिर म्हणायचा, "त्याच्या शॉटला गोलकीपर लागत नाही. पोस्टमन लागतो. कुठे गेला ते शोधायला."

फायनलच्या दिवशी बस मैदानात, लातिरच्या गोलामागेच, रिबिनी बांधून उभी केली होती. पांढरी. खिडक्यांना अजून प्लास्टिक. दोन्ही संघ फाटकाबाहेर येऊन थांबले. भिंतीवरून उडी मारणं मास्तरांनी अखिलाडू ठरवलं होतं आणि फाटकातून आधी जायला कोणी तयार नव्हतं.

"आधी तुम्ही," केर बायोचा कॅप्टन म्हणाला.

"छे छे, पाहुणे तुम्ही. आधी तुम्ही."

"आम्ही कसले पाहुणे? मैदान दोघांचं."

"तुमच्या पायाखालची धूळ आमच्या डोक्यावर. व्हा पुढे."

मास्तर दोघांनाही गुण देत उभे होते. आले तेव्हा पावणेतीन तीन झाले असतील, आता सव्वाचार वाजले. प्रेक्षकांतली एक बकरी आत गेली. तिला काही झालं नाही हे दोन्ही संघांनी पाच मिनिटं नीट बघितलं आणि मग बावीस जण एकदम, खांद्याला खांदा लावून, फाटकाचा खांब मोडून आत शिरले.

हात मिळवायची वेळ आली. न्यारी तेनवाले उजव्या हातात प्लास्टिकची पिशवी घालून आले होते. केर बायोवाल्यांनीही घातली होती. मास्तरांनी पिशवीसकट हाताला अर्धाच गुण सांगितला, तशा पिशव्या निघाल्या. प्रत्येकाच्या तळव्यावर आपापल्या मराबूची पूड होती. लाल पूड हिरव्या पुडीला भिडली. मग पूर्ण गुणांचे ते बावीस हात एका बादलीत धुवायला गेले, आणि तिथेही "आधी तुम्ही" सुरू झालं. लातिरनं हातमोजे चढवले, गोलात गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसकडे बघत राहिला. ड्रायव्हरच्या सीटवर मणी लावलेलं आच्छादन होतं. पाठीला बरं.

केर बायोनं पहिल्या हाफमध्ये गोल केला. कॉर्नरचा चेंडू न्यारी तेनच्या बॅकच्या डोक्याला लागून आत गेला, आणि ज्याच्या डोक्याला लागला तो आणि ज्यानं कॉर्नर मारला तो, दोघंही एकमेकांची माफी मागायला लागले. एक शून्य. बाकी सामना असा झाला की लातिरच्या हातांना चेंडू फक्त दोनदा लागला. तो उभ्याउभ्या ती बस चालवत होता. बाजाराच्या चौकात घोडागाड्यांची गर्दी असते, तिथे हॉर्न द्यायचा. मिठागराच्या वळणावर दुसरा गिअर. मुकादमासमोर ब्रेक, आणि काच खाली करून काही न बोलता पुन्हा काच वर.

शेवटची दोन मिनिटं राहिली असताना चेंडू पातेकडे आला.

पातेला तो उजवीकडे द्यायचा होता. हे लातिरला दिसलं, कारण पातेचं सगळं अंग उजवीकडे निघालं होतं. पण चेंडू त्याच्या नडगीला लागला आणि डावीकडे, गोलाकडे, चिखलातून घसपटत निघाला. लातिर त्या वेळी मनात मिठागराच्या वळणावर होता. तो वळला, पाय घसरला, आणि चेंडू त्याच्या कोपराजवळून पुढे गेला. गोलाच्या रेषेवर चुना टाकलेला होता. तिथे पावसाचं पाणी साचून चुन्याचं पीठ झालं होतं. चेंडू त्या पिठात रुतला आणि थांबला. अर्धा अलीकडे, अर्धा चुन्यावर. लातिरनं तो चांगला दोन श्वास बघितला. मग त्याच्यावर झोपला.

चेंडू रेषेपलीकडे गेला नव्हता. हे पृथ्वीवर एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, कारण पातेचे डोळे मिटलेले होते, रेफरी मागे चिखलात बसला होता, आणि लाइन्समन अर्ध्या तासापासून बसकडे बघत होता.

रेफरी उठून, चड्डी झटकत आला. "गेला का?"

पातेनं डोळे उघडले. एकदा चेंडूकडे बघितलं, एकदा बसकडे, एकदा मावशीकडे. मावशीनं मान नाही अशी हलवली.

"नाही गेला!" पाते ओरडला. "खुदाशपथ, रेफरीसाहेब! माझाच शॉट, मीच सांगतो. नाही गेला!"

न्यारी तेनच्या बाजूनं जल्लोष झाला. आपल्या फॉरवर्डनं गोल झाला नाही असं सांगितल्यावर इतका आनंद कुठल्याही मोहल्ल्याला झालेला नसेल. मास्तरांनी लाल पेन काढलं. दहा गुण. तीननं वर असलेलं केर बायो आता सातनं खाली.

"लातिर!" सिसोखो टचलाइनवरून धावत आले. एक चप्पल मागेच राहिली. "गेला म्हण! गेला म्हण रे! आपलेही दहा होतात, पुन्हा तीननं वर!"

"गोल होईल, अध्यक्ष. एक एक होईल."

"होऊ दे! कप गेला खड्ड्यात. कपात किती माणसं बसतात?"

रेफरी गोंधळला. "मास्तर, हा म्हणतो नाही गेला. तो म्हणाला गेला, तर? दोघांनाही दहा दहा? दोघंही खरे कसे?"

"सत्य काय ते तुम्ही ठरवा," मास्तर वहीतून मान वर न काढता म्हणाले. "मी फक्त त्याग मोजतो."

आता सगळं मैदान लातिरकडे बघत होतं. केर बायोच्या बाजूनं लोक एका सुरात ओरडायला लागले. "गेला! गेला! गेला!" त्यांत यान्देचा आवाज त्याला वेगळा ऐकू आला. ती असं काही ओरडायची बाई नव्हती. हातमोज्यांच्या आत भेगा चुन्यानं चुरचुरत होत्या. मिठापेक्षा कमी, पण मिठाची आठवण येईल इतक्या. एक शब्द. त्यालाच सगळे खरं म्हणणार होते. न गेलेला चेंडू गेला म्हटलं की तो प्रामाणिक, आणि उद्यापासून बसून मिठागरात.

तो "गेला" म्हणायला तोंड उघडणारही होता. खोटं बोलायचं त्याला वावडं नव्हतं. यान्देशी तो दिवसाला दोन तीन बोलायचा, चांगली.

तेवढ्यात त्यानं पातेकडे बघितलं. पाते हात छातीशी धरून, मान तिरकी करून, फोटोसाठी उभा होता. त्यागाचा चेहरा. गेला महिनाभर सराव केलेला. आणि लातिरच्या डोक्यात स्वच्छ उजाडलं की आपण "गेला" म्हटलं तर आयुष्यभर काओलॅकमध्ये म्हणतील, लातिर फायवर पाते गिस्सेनं गोल केला. नडगीनं. डोळे मिटून.

"नाही गेला," लातिर म्हणाला.

"काय?" रेफरी.

"नाही गेला. रेषेवर होता. आणि हा सात जन्म घेऊन आला तरी जाणार नाही."

मग आधी न्यारी तेनवाले, आणि मग त्याहून मोठ्यानं केर बायोवाले ओरडले, "चोर! चोर! लबाड!"

मास्तरांनी लातिरच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "प्रतिस्पर्धी स्वतः नुकसान सोसून खरं बोलतो, आणि हा त्याच्याच आडोशाला लपतो. चाळीस वर्षांत इतका निलाजरा फायदा बघितला नाही."

"पण दोघंही एकच बोललो, मास्तर!"

"त्यानं दिलं. तू घेतलंस."

सामना संपला. केर बायोनं अकरा वर्षांनी कप जिंकला. कॅप्टननं तो असा हातात घेतला जशी कोणी मेलेली घूस घेतं. कोणी नाचलं नाही. खासदारसाहेबांनी पातेला मिठी मारली, आणि बसची किल्ली दियेनाबा मावशींच्या हातात ठेवून फोटो काढून घेतला. कागदपत्रं पुढच्या रविवारी देतो म्हणाले. लातिरला घरी सोडायला कोणी थांबलं नाही, तो आणि कप चालत गेले. कप सिसोखोंनी त्याच्याकडे फेकला होता. "घे. ह्याला चाकं लाव आणि चालव."

यान्देनं भात वाढला. मासा डोक्याकडचा.

"बारा वर्षं मी विचारते, कुठे होतास," ती म्हणाली. "बारा वर्षं खोटं सांगतोस. आणि खरं बोलायला तुला आजचा दिवस मिळाला?"

"तो पाते आहे, यान्दे. तू त्याला धावताना बघितलंस ना?"

"मी त्याला बस घेऊन जाताना बघितलं."

पुढचे चार दिवस लातिर जो भेटेल त्याला चेंडू रेषेवर होता हे सांगत सुटला. मिठागरात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, मोटारसायकलवरून भाड्यानं सोडणाऱ्या पोराला लाल सिग्नलला सांगितलं. वाळूत काठीनं रेषा काढून, वर शेंग ठेवून दाखवलं. कोणी विश्वास ठेवला नाही. लोक म्हणायचे, पातेनं मोठेपणानं गोल सोडला आणि हा बघा, अजून खोटं बोलतोय. आणि गंमत अशी की पाते जे बोलला होता अक्षरशः तेच हा बोलत होता.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, दियेनाबा मावशी आणि पाते त्याच्या अंगणात आले. यान्देनं चटई टाकली, निखाऱ्यावर चहाची किटली ठेवली. मावशी बसल्या, पंख्यानं वारा घेत राहिल्या, आणि तीन पेल्यांतला पहिला, कडू पेला संपेपर्यंत लातिरच्या म्हाताऱ्या काकांपासून बकऱ्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी करून झाली.

"लातिर बाळा," मग त्या म्हणाल्या, "तू जे सांगत सुटलायस ना, ते बंद कर."

"काय सांगतो मी?"

"चेंडू गेला नव्हता म्हणून."

"मावशी, पातेनंच शपथ घेऊन सांगितलं, नव्हता गेला."

"हो. पण त्यानं ते मोठेपणानं सांगितलं."

"म्हणजे खोटं?"

"मोठेपणानं," मावशींनी पंखा मिटला. "खासदारसाहेबांच्या कानावर गेलंय. त्यांनी मास्तरांना विचारलं, चेंडू गेलाच नव्हता तर ह्यांनी सोडलं काय? खरा गोल सोडला तर त्याग. झालाच नाही तो गोल सोडला, तर मी पण दर रविवारी दहा सोडतो, असं म्हणाले. मास्तर वही घेऊन बसलेत. रविवारी कागदपत्रं द्यायचीत आणि माणूस म्हणतो, थांबा जरा."

लातिरला हे समजायला दुसरा पेला लागला. त्यानं तो हळूहळू घेतला.

"म्हणजे खरेपणाचं बक्षीस टिकायला पाते खोटं बोललेला असला पाहिजे."

"असं बोलू नकोस रे. कानाला बरं लागत नाही."

"गेला होता, लातिरदादा," पाते पहिल्यांदा बोलला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "मी रोज डोळे मिटले की बघतो. पार जाळ्यापर्यंत गेलेला."

"तू तेव्हाही डोळे मिटूनच बघितलास."

"बस कर दोघांनी," मावशी म्हणाल्या. "सरळ बोलते. आमच्या मोहल्ल्यात लायसन्सवाले नऊ आहेत. नऊच्या नऊ कमिटीतल्या कोणा ना कोणाचे मेहुणे. एकाला बस दिली तर आठ घरांचं बोलणं बंद होईल. बाहेरचा माणूस हवा. तू रविवारी खासदारसाहेबांसमोर उभा राहा. म्हण, गेला होता, मी लपवलं, मला माफ करा. मास्तर रडतील. कागदपत्रं मिळतील. सोमवारी सकाळी किल्ली तुझी."

यान्देच्या हातातली किटली हवेत थांबली. चहाची धार पेल्याबाहेर, चटईवर पडत राहिली.

"मिठागराचा फेरा आहे?" लातिरनं विचारलं.

"दिवसातून दोन."

"सीटवरचे मणी?"

"राहू देत की. ते तुझेच."

लातिरनं हात उघडून बघितले. मधल्या बोटाखालची भेग आज पुन्हा उघडली होती. केर बायोनं त्याला चोर म्हटलं होतं, न्यारी तेन त्याला नोकरी देत होतं, आणि दोन्हीकडच्यांना हवं होतं तेच एक वाक्य. सांगून टाकावं. कोणाचं काय जाणार होतं? मास्तरांचं? त्यांच्या नीतीच्या धड्यांत आणखी एक पान वाढलं असतं.

"माझ्या तोंडून नेमकं काय म्हणून घ्यायचंय?" तो म्हणाला.

"एवढंच," मावशी खूश होऊन पुढे सरकल्या, "की पातेनं शॉट मारला, जोरदार, आणि तुला काही करता आलं नाही."

"जोरदार?"

"बरं, चांगला."

"पातेनं."

"मग कोणी, मी?"

लातिर पातेकडे बघत राहिला. पातेनं झब्ब्याची बाही सारखी केली, मान तिरकी केली, हात छातीशी नेला.

"नाही जमायचं, मावशी," लातिर म्हणाला. "माझ्या पोरांची शपथ घ्यायला लावा, घेतो. बसनं माझा पाय गेला असं सांगायला लावा, सांगतो. वारा होता म्हणून गेला, बकरीनं ढकलला म्हणून गेला, मास्तरांनी फुंकला म्हणून गेला, तुम्ही म्हणाल ते. पण ह्यानं मारला आणि मला काही करता आलं नाही, हे माझ्या तोंडातून निघणार नाही. बघा, जीभच वळत नाही."

"बकरीनं चालणार नाही रे. त्याग बकरीचा होईल."

"मग राहू दे."

मावशी उठल्या. तिसरा, गोड पेला न घेताच उठल्या, म्हणजे राग खरा होता. पाते दारात वळला.

"दादा, इतका काय वाईट खेळतो मी?"

"हा झब्बा तू शिवलास?"

"हो."

"सुंदर आहे."

पाते रडवेला होऊन निघून गेला. यान्देनं तिसरा पेला स्वतः घेतला, लातिरला विचारलं नाही, आणि घरात जाऊन दार लावलं. आतून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

रविवारी खासदारसाहेबांनी कागदपत्रं देऊन टाकली. पाहुणे बोलावून झाले होते, तंबूचं भाडं भरून झालं होतं. मास्तरांनी वहीत "शंका आढळली, परंतु भावना शुद्ध" असं लिहिलं. सोमवारी सकाळी लातिर नेहमीप्रमाणे चालत मिठागरात गेला. मुकादम ढिगाऱ्याला टेकून उभा होता.

"काय रे, न्यारी तेनच्या बसवर तू लागणार होतास म्हणे? काय झालं?"

"अट होती."

"कसली?"

"खोटं बोलायची."

मुकादमानं त्याला खालून वर बघितलं. तोंडात काडी होती ती काढली. "तू? खोटं बोलायला नाही म्हणालास? तू?"

"खरं बोललं की लोक ठेवत नाहीत विश्वास," लातिर म्हणाला, आणि पहिलं पोतं डोक्यावर घेतलं.